सहा एकर कोरडवाहू, पुण्याचा पगार आणि ठोक्याचा दर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात वडिलांच्या नावावर सहा एकर कोरडवाहू जमीन, खरिपात सोयाबीन, ओल राहिली तर हरभरा. वडील अठ्ठावन्न वर्षांचे. तुम्ही चाकणला कंपनीत, हातात २४ हजार, कंत्राटी. खोली आणि मेस जाऊन महिन्याला आठेक हजार घरी पाठवता. गावी येऊन पूर्णवेळ शेती केली तर घर चालेल का?

सोयाबीन-हरभऱ्याच्या जोरावर नाही चालणार. पण 'शेती परवडत नाही' हे तुम्हाला चहाच्या टपरीवरही कुणीही सांगेल, त्यासाठी मला लिहायची गरज नव्हती. परवडत नाही म्हणजे नेमकं कुठं आणि कितीनं, हे आकड्यांत बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही, म्हणून लांबण लावतोय.

मी सव्वीस वर्षं विकास सोसायटीचा, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, गटसचिव होतो. चार गावांचं दप्तर माझ्याकडं. कुणाचं कर्ज कधी उचललं, कुणी कधी भरलं, भरायला पैसा कुठून आणला, हे सगळं नजरेखालून गेलंय. स्वतःची सात एकर आहे आणि १९९७ पासून वही ठेवतो. गावात मला त्यावरून हसतात. हसोत.

आधी एका एकराचा हिशोब. २०२५ धरत नाही, कारण सप्टेंबरच्या पुरात आमच्याकडचं सोयाबीन शेंगांसकट सडलं, त्या वर्षाच्या हिशोबाला अर्थ नाही. २०२४ घेऊ. नांगरट २,०००, रोटाव्हेटर १,२००, पेरणी ९००. बियाणं घरचं, तरी तेवढं सोयाबीन मोंढ्यात विकलं असतं म्हणून १,५०० धरतो. बीजप्रक्रिया २००, डीएपीची एक बॅग १,३५०. तणनाशक १,२००, तीन फवारण्या औषधासकट २,४००, राहिलेलं तण काढायला बायका लावल्या त्याचे १,५००. काढणी उक्ती दिली, ४,०००. मळणी क्विंटलला ३०० प्रमाणे सात क्विंटलचे २,१००. बारदाना, गाडीभाडं, हमाली मिळून ७००. झाले १९,०५०. सात क्विंटल माल, सरासरी भाव ४,२००, आले २९,४००. एकरी उरले १०,३५०.

सहा एकरांचे ६२,१००. त्यातल्या तीन एकरांत हरभरा घेतला, एकरी साडेचार क्विंटल, ५,४०० भाव, खर्च १२,९०० वजा जाता एकरी ११,४००. तीन एकरांचे ३४,२००. दोन्ही मिळून वर्षाला ९६,३००. महिन्याला आठ हजार पंचवीस.

इथं बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात, 'आठ हजार तर आठ हजार, घरचं धान्य आहे, गावात भाडं नाही.' मी इथं थांबत नाही. कारण या आठ हजारांत दोन वेगळे पैसे एकात मिसळलेत. एक जमिनीचा आणि एक माणसाचा. ते वेगळे करायची सोपी युक्ती आहे: ठोक्याचा दर, म्हणजे रान वर्षभर दुसऱ्याला कसायला दिलं तर मिळणारं ठरलेलं रोख भाडं. तुमच्या शिवारात कोरडवाहू रान वर्षाच्या ठोक्यानं कितीला जातं ते विचारा. आमच्याकडं २०२४च्या पाडव्याला चांगल्या काळ्या रानाला एकरी १४,००० होता. म्हणजे तुमच्या वडिलांनी सहा एकर ठोक्यानं देऊन वर्षभर पारावर बसायचं ठरवलं असतं, तर पाडव्यालाच ८४,००० रोख हातात आले असते. कसले बी नाही, बियाणं नाही, उघडीप नाही, गोगलगाय नाही.

९६,३००मधून ८४,००० काढा. उरले १२,३००.

वर्षभर राबल्याची मजुरी ती एवढीच. मी माझ्या वहीत दिवस मांडतो: सात एकराला माझे साधारण १८० दिवस लागतात आणि घरच्यांचे १४० (घरच्या म्हणजे आमची बायको, तिला नावानं हाक मारायची पद्धत आमच्या पिढीत नव्हती). यात राखण धरली आहे, कारण हरणांचे कळप आणि रानडुकरं आल्यापासून रात्रीची राखण हेच मोठं काम झालंय. तुमच्या घरीही ३२० दिवसांच्या आसपास भरतील. १२,३०० भागिले ३२०. दिवसाला साडेअडतीस रुपये. त्याच वर्षी रोजगार हमीचा दर २९७ होता.

तुमच्या प्रश्नात वडिलांचं वय आहे, तुमचा पगार आहे. आईचा उल्लेख नाही. मी दप्तर सांभाळलं तेवढ्या वर्षांत कर्जाच्या अर्जावर बाईच्या कामाचा रकाना कधी बघितला नाही. पण खुरपणीला चार बायका सांगितल्या की पाचवी घरची असते, तिचा रोज कुणी धरत नाही, आणि आपलं खुरपण उरकलं की ती दुसऱ्याच्या बांधावर ३०० रुपये रोजानं जाते. तो पैसा किराण्यात जातो आणि नंतर सगळे म्हणतात, शेतीवर घर चाललं. सरकारचाच आकडा बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७व्या फेरीत, जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षात, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. जनावरांचे १,५८२ वेगळे. तुमचं घर म्हणजे कुणी जगावेगळं नाही.

आणि हो, पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० मिळून वर्षाला बारा हजार येतात. तुमच्या आईवडिलांच्या वर्षभराच्या मजुरीएवढेच. हा योगायोग मला पहिल्यांदा वहीत दिसला तेव्हा मी तो आकडा तीनदा तपासला.

आता माझ्या हिशोबातली खोट मीच सांगतो, नाहीतर तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकाल. सात क्विंटल हा चांगल्या वर्षाचा आकडा आहे. माझी वही अशी: २०२० ला सहा, काढणीच्या तोंडावर ऑक्टोबरात पाऊस. २०२१ ला साडेसात, सप्टेंबरअखेर मांजरा फुगली तरी आमचं रान उंचावर म्हणून वाचलं. २०२२ ला पाच, कारण जुलैत शंखी गोगलगायी आल्या आणि दोन पानांवरचं रोप रात्रीत फस्त. आम्ही बादल्या घेऊन पहाटे वेचत होतो, मिठाच्या पाण्यात टाकत होतो, आणि एका एकरात दुबार पेरणी केली. २०२३ ला साडेतीन: ऑगस्ट कोरडा गेला, मागून पिवळा मोझॅक रोग. २०२४ ला आठ, वरच्या हिशोबात तुमच्यासाठी हात राखून सात धरले. २०२५ ला तीन, तेही डागी. सहा वर्षांची सरासरी साडेपाच.

साडेपाच धरा. ४,२०० भावानं २३,१०० येतात, मळणीचे थोडे वाचून खर्च १८,६००, एकरी उरतात ४,५००. सहा एकरांचे २७,०००, हरभऱ्याचे ३४,२०० मिळवून ६१,२००. ठोक्यापेक्षा तेवीस हजारांनी कमी. म्हणजे सहा वर्षांच्या सरासरीनं बघितलं तर तुमचे वडील मजुरी मिळवत नाहीत, स्वतःच्या रानात काम करण्यासाठी वर्षाला तेवीस हजार खिशातून घालतात.

मग ठोक्यानं घेणारा वेडा आहे का? नाही. त्याच्याकडं स्वतःचा ट्रॅक्टर असतो, त्यामुळं वर धरलेल्या नांगरट-रोटा-पेरणीच्या ४,१००मधले निम्म्याहून जास्त त्याचे वाचतात. घरात दोन-तीन हाताबुडाची माणसं असतात. तो तीस एकर एका दमात पेरतो, वापसा आल्यावर, म्हणजे पावसानंतर रान पेरण्याजोगं झाल्यावर, दोन दिवसांत मोकळा. तुमचे वडील भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत चौथ्या दिवशी पेरतात, तोवर वरची ओल उडालेली. हा चार दिवसांचा फरक मी एकरी एक-दीड क्विंटलपर्यंत बघितलाय. अर्थात तोही बुडतो. पुरानंतर आमच्याकडं ११ हजारालाही रान घ्यायला कुणी पुढं येईना. ठोक्याचा दर म्हणजे काही सोन्याची पाटी नाही. आणि त्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट बोलायला हवी: सात-बारा मालकाचा, ई-पीक पाहणी मालकाच्या नावावर, विमा मालकाला, नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात. ज्याचं पीक बुडालं त्याला काही नाही. कागद करून द्या म्हटलं तर मालक घाबरतो, 'कूळ लागेल' म्हणून, म्हणजे कसणारा कायद्यानं जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. मराठवाड्यात १९५०चा हैदराबादचा कूळ कायदा आजोबांनी भोगलेला किंवा उपभोगलेला आहे, ती भीती अजून जिरलेली नाही.

भावाबद्दल. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. सरकारनं तो असा काढला: खिशातला खर्च अधिक घरच्यांची मजुरी मिळून क्विंटलला ३,२६१, त्याची दीडपट. जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज यात नाही. ते धरून दीडपट द्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी, स्वामिनाथन आयोगाचा दाखला देत केलेली. तो वाद बाजूला ठेवा. जाहीर झालेला भाव तरी मिळाला का? माझी ऑक्टोबरातली पट्टी, म्हणजे मोंढ्यातल्या विक्रीची पावती, समोर आहे: ४,१५०, ओलावा १४ टक्के लिहिलेला. खरेदी केंद्राला १२ टक्के लागत होता, तो नंतर नोव्हेंबरात सैल केला, तोवर माझ्यासारख्यांचा माल जाऊन पैसे औषधवाल्याकडं पोचले होते. ४,८९२ आणि ४,२०० यात ६९२ चा फरक. सात क्विंटल गुणिले सहा एकर, २९,०६४ रुपये. वर्षभराची मजुरी आली १२,३०० आणि एकट्या भावातली घट २९ हजार, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

हा भाव लातुरात ठरतच नाही, ही यातली मोठी गंमत. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड. तेल आपण परदेशातून आणतो, देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. सप्टेंबर २०२४ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं आता सोयाबीन उठणार. तेल महागलं, सोयाबीन जागेवरच. कारण पेंडीला उठाव नव्हता. इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाचा जो चोथा निघतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो कोंबडीखाद्यात पेंडीपेक्षा स्वस्त पडायला लागला होता. पुढं मे २०२५ला ते शुल्क परत १० टक्क्यांवर आणलं. म्हणजे गाडीत इथेनॉल किती घालायचं आणि पामतेल कितीला आणायचं, यावर तुमच्या वडिलांचा दसरा ठरतो. त्यांनी कितीही चांगली कोळपणी केली तरी.

'मग विकू नका, ठेवा' असं सांगणारे भरपूर भेटतील. २०२१च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं, त्या आठवणीवर अजून गाव जगतंय. त्यावेळी माल होता कुणाकडं? खळ्यावरून विकणाऱ्याकडं तर नव्हताच. आणि पुढच्याच वर्षी दहा हजार बघून ज्यांनी माल कोंडला, त्यांनी दोन-दोन वर्षांनी सुंडी लागलेला माल साडेचारला काढला. बाजार समितीची शेतमाल तारण योजना चांगली आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजानं सहा महिने. मी दोनदा घेतली, एकदा क्विंटलमागं चारशे सुटले, एकदा गोदामभाडंही निघालं नाही. निम्मा माल खळ्यावर आणि निम्मा जानेवारीत, एवढं धोरण पुरे. त्यापुढं तो सट्टा.

पण खरं सांगू का, सोसायटीच्या खुर्चीवरून मला दिसलेला रोग वेगळाच आहे. घरं बुडतात ती उत्पन्न कमी म्हणून तर बुडतातच, पण त्याहून जास्त पैसा चुकीच्या महिन्यात येतो म्हणून बुडतात. पैसा लागतो जूनला, येतो दिवाळीला, आणि बँकेला हवा असतो ३१ मार्चला. 'नवं-जुनं' तुम्हाला माहीत असेल: जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडतं. छान योजना आहे, मी स्वतः तिचे फलक लावलेत. आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात एक गृहस्थ येऊन बसायचा. त्याचं सोसायटीत खातंच नव्हतं. पायाशी रेक्झिनची पिशवी. एखादा शेतकरी यायचा, दीड लाख भरायचा, पावती घ्यायचा. चार-आठ दिवसांनी त्याचं नवं कर्ज मंजूर होऊन पैसे हातात आले की ते दीड लाख पिशवीत परत. मग तीच बंडलं दुसऱ्याच्या नावानं काउंटरवर. एका वर्षी एका बंडलाच्या वरच्या नोटेवर निळ्या शाईनं कुणीतरी '७८६' लिहिलेलं होतं, ती नोट मी चार खात्यांत जमा करून घेतली. दर शेकडा तीन रुपये महिना, आणि आठ दिवस वापरले तरी महिना पूर्ण धरायचा. दीड लाखावर ४,५००. शून्य टक्क्याच्या कर्जाचं हे व्याज. पिशवीवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो, पण तो नसता तर त्यातले निम्मे थकबाकीदार झाले असते आणि त्यांना पुढच्या जूनला बियाण्यालाही पैसे मिळाले नसते.

तसंच दुकानाचं. औषधाची बाटली रोखीनं ६००ला आणि उधारीवर ७२०ला. ज्याचं दुकान त्याचीच कधी कधी आडत असते किंवा मेव्हण्याची असते. मग माल तिथंच घालावा लागतो, त्याच दिवशी, तो म्हणेल त्या भावानं. निम्मा माल जानेवारीत विका हा माझा वरचा सल्ला अशा घराला लागूच पडत नाही. ज्याला थांबता येतं त्यालाच बाजार भाव देतो.

इथं तुमच्या पगाराचा मुद्दा येतो. आमच्या गावात गेल्या वीस वर्षांत ज्यांनी रान विकलं नाही, उलट एखादा एकर जोडला, अशी घरं मी मोजली तर जवळपास प्रत्येकात एक नेमानं येणारा पैसा होता. कुणी एसटीत कंडक्टर, कुणाची सून अंगणवाडीत, कुणाचा पोरगा सैन्यात, एकाचं गावातच पिठाची गिरणी आणि मिरची कांडप. रक्कम मोठी नव्हती. पण जूनचं खत रोखीनं आलं, ३१ मार्चला पिशवीवाल्याकडं जावं लागलं नाही, आणि दवाखान्याच्या बिलासाठी हिरवं सोयाबीन विकावं लागलं नाही. तुम्ही पाठवता ते आठ हजार म्हणजे वर्षाचे ९६,०००. सहा एकर चांगल्या वर्षात जेवढं देतात, तेवढेच. तुम्ही गावी आलात तर हा पैसा बंद होईल आणि त्याच सहा एकरांवर जेवणारं एक तोंड वाढेल. तिथं आधीच दोघांना पुरेल एवढं काम नाही, तिसऱ्याला काय देणार?

भाऊ किती आहात, तेही लिहिलेलं नाही. १९७०-७१ला महाराष्ट्रात सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६च्या गणनेत १.३४. साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. दोघे भाऊ असाल तर तुमची सहा एकर मुळात सहा नाहीत, कागदावर तीन-तीन झाली नाहीत एवढंच. लग्नाचं म्हणाल तर मुलीकडचे आधी विचारतात 'शेती किती?' आणि लगेच पुढं, 'मुलगा शेती तर करत नाही ना?' दोन्ही प्रश्नांची उत्तरं आत्ता तुमच्या बाजूनं आहेत.

जमीन विकून बँकेत ठेवा, हाही हिशोब हल्ली पोरं मांडतात. रस्त्यालगत एकराला पंधरा लाख येत असतील तर सात टक्क्यांनी वर्षाला एक लाख पाच हजार, आणि ठोका चौदा हजार. गणितात चूक काढता येत नाही. तरीही मी विका म्हणणार नाही. सोसायटीत बसून मी जमीन विकलेल्यांची पासबुकंही बघितलीत; पहिल्या वर्षी स्लॅब, दुसऱ्या वर्षी गाडी, तिसऱ्या वर्षी मेव्हण्याला उसने. पडीक रान खाऊन टाकता येत नाही, हा जमिनीचा मोठा गुण आहे.

तर मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर या पाडव्याला नोकरी सोडली नसती. सहापैकी लांबचे दोन-तीन एकर ओळखीच्या, ट्रॅक्टर असलेल्या माणसाला ठोक्यानं दिले असते, पैसे आगाऊ घेऊन, जो काय दर येईल त्यानं. वडिलांचं वय बघता घराजवळचे तीन-चार एकर त्यांना झेपतील आणि मन रमेल. वडिलांना घरी बसवू नका, ते हिशोबात बसत नाही तरी. ठोक्याच्या पैशातून जूनचं खत-बियाणं रोखीनं घ्यायचं, दुकानाची उधारी या एका वर्षात तोडायची. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची, सत्तरच्या वर आली तर विकतची बॅग घ्यायची नाही. सहा एकरांत एवढ्यानंही आठ-दहा हजार वाचतात. रुंद वरंबा-सरीवर पेरायचं, कारण आता पाऊस एक तर दडी मारतो नाही तर एका रात्रीत कोसळतो, आणि दोन्ही वेळी सरी कामाला येते.

तुम्ही स्वतः एक वही घाला. यंदाचं वर्षभर. वडिलांना विचारून लिहू नका, त्यांना मोठे खर्च आठवतात, बारके नाहीत. ट्रॅक्टरवाल्याच्या वहीतलं पान, औषधाच्या दुकानाची चिठ्ठी आणि मोंढ्याच्या पट्ट्या, तिन्हींचे मोबाइलवर फोटो मागवा. एका रकान्यात रोख, एकात उधारी, एकात घरच्यांचे दिवस, आईचे वेगळे.

पाणी आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकत असेल तर सगळं उत्तर बदलतं. उसाचं म्हणत नाही. ऊस सोयाबीनच्या कितीतरी पट पैसे देतो हे खरं, पण २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या जिल्ह्यात सगळा डाव उसावर लावणं मला धाडसाचं वाटतं. एक एकर भाजी, लातूर-औशाच्या बाजारासाठी, आठवड्याला रोख देते. ती दोन माणसं मात्र रोज मागते, त्यात सुट्टी नाही, सोयरीक नाही. दोन चांगल्या म्हशी किंवा गाई दहा दिवसाला बिल देतात. चारा घरचा असेल तर गाईमागं वर्षाला पंचवीस-तीस हजार सुटतात, सगळी पेंड विकतची असेल तर शेणच सुटतं. महाबीजसारख्या बियाणे महामंडळाचं बीजोत्पादन मिळालं तर त्याच सोयाबीनला बाजारापेक्षा वर भाव मिळतो, पण भेसळ काढायची चिकाटी आणि काढणीच्या वेळी उघडीप, दोन्ही लागतात. यातलं जे जमेल ते आधी सुट्टीच्या दिवसांत, एका एकरावर किंवा एका गाईवर करून बघा.

ट्रॅक्टर मात्र घेऊ नका. 'भाड्यानं चालवीन' म्हणून घेतलेले आणि तिसऱ्या हप्त्याला थकलेले मी हाताच्या बोटांवर मोजण्यापलीकडं बघितलेत. प्रत्येक गावात आता गरजेपेक्षा जास्त ट्रॅक्टर उभे आहेत. तुमच्यासारख्याला भाड्यानं मिळतात म्हणूनच ते १,२००त रोटा मारून देतात.

विहिरीचं आणि भावांचं कळवा. आणि सात-बाराचा उतारा काढलात तर त्यावर सोसायटीचा बोजा किती आहे तेही बघून ठेवा, वडील सांगतील त्यापेक्षा तो बहुधा थोडा जास्त निघेल.